मशीन केवढ्याला, सेटिंग केवढ्याला

कान तेच आणि बहिरेपण तेच, पण त्यावरच्या श्रवणयंत्रांच्या जोडीला मला आठ हजारांपासून पावणेतीन लाखांपर्यंत भाव सांगण्यात आले. भोसरी, पिंपरी, चिंचवड, मग थेट पुण्यात शिवाजीनगरपर्यंत फिरलो. उभा जन्म कारखान्यात गेलेल्या माणसाला हे पचेना. एकाच कामाच्या दोन वस्तूंच्या किमतीत तीसपटीहून जास्त फरक असेल, तर एक तर त्या वस्तू एक नाहीत, नाहीतर कुणीतरी टोपी घालतंय. दोन्ही थोडं थोडं खरं निघालं. म्हणून हे सविस्तर सांगतोय. टाइप सूनबाई करतेय, शब्द माझे.

आमचा धंदा प्रेस शॉपचा. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या एका कारखान्यात मी डाय सेटर होतो, म्हणजे प्रेसमध्ये साचा (डाय) बसवणारा. पॉवर प्रेस रांगेने चालू, प्रत्येक ठोक्याला पायाखालची जमीन हादरायची. कायद्याने आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या शॉपमध्ये तो आकडा कुणी मोजताना मी पाहिला नाही. कानात घालायचे प्लग आले ते फार उशिरा, आणि ते घालून डाय सेटरचं काम होत नाही, कारण डाय नीट बसलीय की नाही हे तो आवाजावरूनच ओळखतो. निवृत्त झाल्यावर घरात कुरबुर सुरू झाली. ही म्हणायची, एक गोष्ट दहादा सांगावी लागते. माझं म्हणणं, सगळे पुटपुटत बोलतात. खरं तर दोघंही बरोबर होतो. मला आवाज यायचा, शब्द यायचा नाही. फोनवर कुणी साठ म्हटलं की आठ ऐकू यायचं. पुरुषमाणसांचं बोलणं त्यातल्या त्यात कळायचं, हिचं आणि नातवाचं अजिबात नाही.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. हे सांगतोय कारण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले निम्मे लोक सरळ यंत्राच्या दुकानात जातात. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, डाव्या कानातून मळाचा खडा काढला, पडदा शाबूत आहे म्हणाले, आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, करून आणा असं चिठ्ठीवर लिहून दिलं. कुणाकुणाचं काम त्या मळापाशीच संपतं. पडद्याला भोक असेल, एकाच कानाने अचानक दगा दिला असेल, तर तो औषधाचा किंवा ऑपरेशनचा मामला असतो, यंत्राचा नव्हे. अचानक ऐकू येईनासं झालं तर एक दिवसही घालवू नका असं त्यांनी बजावलं.

मग 'मोफत तपासणी'ची पाटी बघून एका मोठ्या शोरूममध्ये शिरलो. नाव सांगत नाही. एसी, कॉफी, पांढरा कोट घातलेला तरुण. काचेच्या केबिनमध्ये बसवून हेडफोन लावला. बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न आत येत होते. दहा-पंधरा मिनिटांत तपासणी उरकली आणि लॅपटॉपवर तीन फोटो आले. एक साधं, एक मधलं, एक 'प्रीमियम'. माझ्या कानात प्रीमियमच चढवलं. ऐकू आलंच. त्या शांत खोलीत, समोर दीड फुटावर बसलेला माणूस, तोही माझ्या तोंडाकडे बघून सावकाश बोलणारा. तिथे काय ऐकू येणार नाही?

जोडीची छापील किंमत २,७५,००० रुपये. आज बुकिंग केलं तर १,९०,०००. 'शिवाय जीएसटी आम्ही भरतो, काका.' मुलगा शेजारीच होता, त्याने तिथेच मोबाइलवर बघितलं. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. जो कर नाहीच, तो भरण्याची सवलत! मी ऑडिओग्रामची प्रत मागितली. यंत्र घेतल्यावर फाइल मिळते म्हणे. तुमचा आरसीआय नंबर काय, असं मुलाने विचारल्यावर तो तरुण म्हणाला, तो आमच्या सिनियर मॅडमचा आहे, त्या मंगळवारी येतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाची, नोंदणी असते, त्यासाठी त्या विषयातली पदवी लागते. माझा कान तपासणारा मुलगा विक्रीसाठी नेमलेला होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही महिन्याचा आकडा गाठायचा असणार.

निघताना त्याने शेवटचं अस्त्र काढलं: यंत्र नाही लावलं तर डिमेन्शिया होतो. ही घाबरली. मुलाने घरी येऊन शोधलं. ऐकू न येणं आणि विसरभोळेपणा यांचा संबंध शास्त्रज्ञांना दिसलाय हे खरं. पण अमेरिकेत सत्तरीच्या पुढच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं केलेला प्रयोग २०२३ मध्ये छापून आला, त्यात सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर स्मरणशक्ती-विचारशक्ती घसरण्यात यंत्रवाल्यांत आणि बिनयंत्रवाल्यांत फरक निघाला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात मात्र घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. म्हणजे गोष्ट पोकळ नाही, पण १,९०,००० आजच्या आज मोजावेत इतकी सरळही नाही.

दुसऱ्या टोकाला मेहुण्याचं मशीन. टीव्हीवरची जाहिरात बघून त्याने दीड हजाराला मागवलेलं. कानामागे अडकवलं आणि ताट ठेवल्याचा आवाज डोक्यात खिळा ठोकल्यासारखा गेला. बोलणं मात्र पहिल्याइतकंच अस्पष्ट. हे का होतं ते पुढे कळलं.

धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे, तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासणी करतात. भोसरीहून बसने जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, पण तिथे जा असं आमच्या जुन्या सुपरवायझरने सांगितलं आणि त्याचे उपकार आहेत. मुंबईकडच्यांनी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत जावं. केंद्र सरकारची आहे, १९८३ पासून चालू आहे. अशा ठिकाणी वेळ फार लागतो आणि पैसे फार लागत नाहीत. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की तपासणाऱ्याला माझ्या गळ्यात काही मारायचं नव्हतं.

खरोखरच्या बंद खोलीत बसवलं. स्वतःचा श्वास ऐकू येईल इतकी शांतता. बारीक पीं आवाज आला की बटण दाबायचं, आधी हेडफोनमधून, मग कानामागच्या हाडावर एक ठोकळा लावून. हाडावरून आणि हवेतून सारखंच कमी ऐकू आलं तर बिघाड आतल्या शिरेचा, हाडावरून चांगलं आणि हवेतून कमी आलं तर बाहेरच्या-मधल्या कानाचा. मग कागद हातात आला. आडवं बघायचं तर २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजाकडून बारीक आवाजाकडे. उभं बघायचं तर डेसिबल, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. माझं ५०० ला २५, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ७० आणि ८००० ला परत थोडं वर, ६०. कागद बघून ती विद्यार्थिनी म्हणाली, "काका, कारखान्यात होतात का?" चार हजारापाशी असा खड्डा पडला की तो सतत गोंगाटात राहिलेल्या माणसाचा, हे तिला पुस्तकातून माहीत. आमच्या शॉपमधल्या सगळ्यांचे कागद असेच निघतील.

त्या खड्ड्यातच माझ्या घरातली सगळी भांडणं होती. स्वर जाड आवाजात असतात, ते मला पुरेपूर ऐकू येतात, म्हणून मी स्वतःला बहिरा समजत नव्हतो. स, श, फ, थ, क ही व्यंजनं बारीक आवाजात असतात आणि ती तिकडे खाली दबलेली. शब्दाचा सांगाडा यायचा, धार यायची नाही.

त्यानंतर आणखी दोन तपासण्या झाल्या, ज्या शोरूममध्ये झाल्याच नव्हत्या. एकीत मराठी शब्द ऐकवले आणि जसेच्या तसे म्हणायला लावले. आवाज माझ्या सोयीइतका मोठा केल्यावर उजव्या कानाने बहुतेक शब्द बरोबर आले, डाव्याने त्याहून कमी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, यंत्राकडून किती आशा ठेवायची ते या आकड्यावरून कळतं. आवाज वाढवूनही शब्द लागत नसेल तर लाखाचं यंत्रही मर्यादेतच काम करणार. दुसरी तपासणी, आवाज कुठपर्यंत सहन होतो याची. तिथे मेहुण्याच्या मशीनचा उलगडा झाला. आतली नस खराब झाली की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज नेहमीइतकेच किंवा जास्तच बोचतात. मधली पट्टी अरुंद होते. म्हणून घरात आधी 'काय?' आणि मग 'ओरडतेस कशाला?' हे दोन्ही माझ्याच तोंडून निघायचं. खऱ्या श्रवणयंत्राने हळू आवाज जास्त उचलायचा, मोठा आवाज कमी उचलायचा आणि ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊच द्यायचा नाही, तेही कागदावर जिथे खड्डा आहे तिथेच. दीड हजाराचं मशीन सगळं सरसकट वाढवतं.

चॅनलचा घोळही तिथेच सुटला. दुकानात ६ चॅनल, १२ चॅनल, २० चॅनल, ४८ चॅनल असे आकडे तोंडावर फेकतात. यंत्र आवाजाचे जितके कप्पे करून प्रत्येक कप्पा वेगळा जुळवू शकतं, तितके ते चॅनल. माझ्यासारखी एकदम उतरणारी रेघ असेल तर चार-सहा कप्प्यांत काम नीट भागत नाही. पण बारा-सोळाच्या पुढे वाढणाऱ्या प्रत्येक आकड्याला तितकंच जास्त ऐकू येतं, असं काही नाही. वरच्या किमतीत मुख्यतः मिळतं ते गर्दीतला गोंगाट कमी करणं, समोरच्याचं बोलणं धरणं, मोबाइलला जोडणं. एका कंपनीच्या एका पिढीतल्या स्वस्त आणि महाग यंत्रांच्या आत बहुधा तीच चिप असते, सॉफ्टवेअरने काही गोष्टी बंद ठेवलेल्या असतात. आणि कंपन्या तरी किती? जगातला बहुतेक धंदा पाच घरांचा: सोनोवाचं फोनॅक, डेमंटचं ओटिकॉन, डब्ल्यूएसचं सिग्निया आणि वायडेक्स, जीएनचं रीसाउंड आणि अमेरिकेचं स्टार्की. आमच्या वयाचे लोक अजून 'सीमेन्सचं द्या' म्हणतात. सीमेन्सने तो धंदा २०१५ मध्ये विकला, त्याचंच पुढे सिग्निया झालं. या पाचांपैकी कुणाचंही घेतलं तरी माल वाईट नसतो. तेव्हा ब्रँडवर वाद घालणं मी सोडून दिलं.

सरकारी मदतीचं थोडक्यात सांगतो. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात 'ऐकू कमी येणारा' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असलेला. माझी बोलण्याच्या पट्टीतली सरासरी तिशीत, म्हणजे मी त्या दाराबाहेर. ज्यांची घट तेवढी आहे आणि उत्पन्न कमी आहे, त्यांनी युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत जरूर जावं, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची यंत्रं त्यातून मिळतात. ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. आमच्या गल्लीत एकाला आले. मुलाच्या पगारामुळे आम्ही त्यातही बसत नाही. तीन हजारांत यंत्र येत नाही, पण यंत्रात घालायचे वर्षाचे सेल येतात, ते पुढे सांगतो.

कॉलेजचा कागद खिशात आल्यावर दुकानांत माझी वट वाढली. आता मी 'मला ऐकू येत नाही, काहीतरी दाखवा' असं म्हणत नव्हतो. 'हा ऑडिओग्राम, कानामागचं, १२ ते १६ चॅनल, दोन नग, सेलवर चालणारं; काय भाव?' एवढंच विचारायचो. भाव झटकन निम्म्यावर यायचे. फोनवरसुद्धा सांगायचे, जे आधी 'एकदा येऊन तर जा' यापलीकडे बोलत नव्हते.

कानाच्या आत लपणारं, न दिसणारं यंत्र घ्या असा आग्रह सगळीकडे झाला. तसल्या यंत्राला १० नंबरचा सेल लागतो, मसुरीच्या दाण्याएवढा. १९९४ साली पॉवर प्रेसने माझ्या उजव्या तर्जनीचं टोक नेलं. त्या बोटाने मी तो सेल बसवणार? कानामागच्या यंत्राला १३ नंबरचा, नारिंगी स्टिकरचा सेल लागतो, तो मला चिमटीत धरता येतो. आणि जाड आवाज मला नैसर्गिकच ऐकू येत असताना कानाचं भोक पूर्ण बुजवलं, तर स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो. मला हवी होती बारीक नळी आणि टोकाला भोकं असलेली मऊ टोपी. दिसतं म्हणून ही नाराज होती. चष्मा दिसतो त्याचं काय, असं मी विचारल्यावर विषय संपला.

चार्जिंगवालं का नको, याचा हिशोबही मांडतो. १३ नंबरचा सेल माझ्या वापरात दहा-बारा दिवस जातो. दोन कानांचे मिळून वर्षाला साठ-सत्तर सेल, सहाचं पाकीट दोनशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार. चार्जिंगचं तेच यंत्र जोडीला पंचवीस हजारांनी महाग होतं आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी बसली की कंपनीकडे पाठवायची. ज्यांची बोटं थरथरतात किंवा नजर अधू आहे, त्यांना चार्जिंगच बरं. मला नाही. स्पीकर कुठे आहे हेही मी विचारलं. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत तो वायरच्या टोकाला, कानाच्या आत असतो. आवाज छान येतो, पण घाम आणि मळ पहिल्यांदा त्यालाच खातो आणि वॉरंटीबाहेर तो हजारांत जातो. बारीक नळीच्या यंत्रात स्पीकर कानामागे पेटीत, कानात फक्त नळी. नळी खराब झाली तर काहीशे रुपयांत नवी. मेंटेनन्सच्या माणसाला हे आधी कळतं.

शेवटी चिंचवडमध्ये एका एकट्याने चालवलेल्या क्लिनिकमध्ये ठरलं. ऑडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः बसतात, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर. त्यांच्याकडे तीन-चार कंपन्यांची यंत्रं. ज्या मॉडेलवर आलो त्याची छापील किंमत जोडीला ९२,०००. त्यांनी ६४,००० सांगितली. तेच मॉडेल एका दुकानदाराने फोनवर ४८,००० ला देतो म्हटलं होतं, घरपोच. मी ते स्पष्टच सांगितलं. बाई चिडल्या नाहीत. "काका, माझ्या चौसष्टातले बावन्न यंत्राचे आणि बारा माझे," म्हणाल्या. त्या बारा हजारांत बसवणं, मोजमाप, पुढची चार वर्षं लागेल तितक्या वेळा जुळवणी आणि सफाई. मी म्हटलं, यंत्राचे अट्ठेचाळीस करा, तुमच्या बारातला एक रुपया कमी करू नका. त्या पन्नासवर आल्या. ६२,००० ला व्यवहार झाला, बिलावर दोन्ही आकडे वेगळे लिहून घेतले, यंत्रांचे सिरियल नंबर आणि वॉरंटीची तारीख घालून.

त्यांच्या मजुरीत मी घासाघीस का केली नाही, ते आमच्या धंद्यातून आलंय. प्रेस कितीही भारी आणा, डाय अर्धा मिलिमीटर तिरकी बसली की सगळा माल भंगारात जातो, आणि सेटिंग झाल्यावर पहिला पीस काढून गेजला लावल्याशिवाय कुठलाही शहाणा माणूस मशीन चालू करून जात नाही. यंत्र कॉम्प्युटरला जोडलं की कंपनीचं सॉफ्टवेअर ऑडिओग्राम बघून स्वतःच एक ढोबळ जुळवणी करतं. पुष्कळ ठिकाणी काम तिथेच संपतं. मॅडमनी त्यानंतर माझ्या कानात यंत्राच्या नळीशेजारून दुसरी एक केसासारखी मऊ नळी सरकवली, समोरच्या स्पीकरवर बोलणं लावलं आणि कॉम्प्युटरवर रेघ उमटली. माझ्या कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्षात किती आवाज पोचतोय, त्याची ती रेघ. शेजारी दुसरी रेघ, किती पोचायला हवा त्याची. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगशाळेचं सूत्र जगभर वापरतात. तीन-चार हजाराच्या भागात दोन रेघांत चांगलं अंतर होतं. आपोआप झालेली जुळवणी तिथेच कमी पडत होती जिथे मला गरज होती. त्यांनी ते अंतर थोडं थोडं भरत आणलं, शिट्टी वाजायला लागली तिथे थांबल्या, टोपी जरा कमी भोकांची लावली, परत मोजलं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ते उपकरण सगळ्यांकडे नसतं. पैसे देण्याआधी 'कानात नळी घालून मोजता का?' एवढं विचारा, समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळतं.

खरेदीआधी ट्रायल घेतली होती, अनामत ठेवून. घरी वापरायला मिळाल्याशिवाय घेऊ नका. मी ते शांत जागी लावून बघितलंच नाही. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालू असताना हिच्या पाठीमागे उभा राहिलो. पीएमटीत बसलो (आता पीएमपीएमएल, पण आम्ही पीएमटीच म्हणतो). ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला गेलो, जिथे चार जण एकदम बोलतात. सभेत निम्मंच कळलं. पण आधी काहीच कळत नव्हतं. एकच यंत्र घेऊन भागेल का, हेही तेव्हाच पाहिलं. एका कानाला लावलं की आवाज कुठून येतोय ते कळत नाही, रस्ता ओलांडताना तर धडकीच भरते. दोन्ही कान गेलेल्याने एक भारी घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन मध्यम घ्यावीत, हे मॅडमचं मत आणि आता माझंही.

सुरुवातीचे काही आठवडे त्रासाचे गेले. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा कापल्यासारखा आवाज. चपलांचा, पिशव्यांचा, फोडणीचा. पहिल्या दिवसापासून पूर्ण आवाज दिला तर लोक यंत्र कपाटात टाकतात, म्हणून मॅडमनी सुरुवातीला कमी ठेवून पुढच्या भेटींत वाढवत नेला. मला मात्र एक फायदा झाला. हॉलमधल्या पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय, हे घरात कुणालाच ऐकू येत नव्हतं, मला आलं. उतरवून ग्रीस केलं.

एक खबरदारी मुलाच्या चौकशीतून कळली. काही साखळी दुकानांतली यंत्रं फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरवर उघडतात. गाव बदललं, दुकान बंद झालं, भांडण झालं, तरी दुसरा कुणी त्याला हात लावू शकत नाही. मी बिलावर लिहूनच घेतलं की यंत्र कुठल्याही क्लिनिकमध्ये जुळवता येईल. ४८,००० वाल्या दुकानदाराला पुढे सहज विचारलं होतं, जुळवणी कोण करणार? म्हणाला, ऑडिओग्राम व्हॉट्सअॅप करा, आम्ही सेट करून पाठवतो.

अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये बँड लागला की दोन्ही काढून खिशात टाकतो. डावा कान गर्दीत मागेच राहतो, त्याचं यंत्र काही करू शकत नाही. फोन कानाच्या भोकाला न लावता कानामागे वर, यंत्राच्या माइकपाशी धरायचा असतो. ही सवय लागायला वेळ गेला आणि बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटतं. सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा खाऊ द्यायची, मग बसवायचा. एकदा स्टिकर निघालं की तो सेल वापरला नाही तरी उतरतो, म्हणून लागेल तेव्हाच स्टिकर काढावं. पावसाळ्यात रात्री यंत्रं सिलिका जेलच्या डबीत, सेलचं दार उघडं ठेवून. दाणे रंग बदलले की नवे आणायचे. पहिल्या पावसाळ्यात उजव्याची नळी आतून ओली होऊन आवाज बंद झाला होता, मॅडमनी हवेच्या छोट्या पंपाने फुंकून दिली आणि तो पंप मला दीडशे रुपयांना विकलाही. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी दोन्ही यंत्रं कंपनीत तपासणीला पाठवून घ्या, असं त्यांनी सांगून ठेवलंय. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे.